फ्रिजमधली दोन खोकी

पणदरे,
१८ ऑगस्ट

प्रिय मने,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशीलच, ते विचारायची गरज उरलेली नाही. इकडं सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून. गाय व्याली, कालवड झाली. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू लगेच रडतेस आणि माझं भांडण तसंच राहतं. हे कामाला वालचंदनगरला येतायत, त्यांच्या हाती पाठवतेय.

तुझे क्वार्टरमधले फोटो बघितले. मिसळ खातेस! वर लिंबू पिळून! अगं, आपल्या दोघींच्या आतड्याला त्याच जखमा. पुण्याच्या एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी आपण नव्या औषधाच्या चाचणीच्या कागदावर सह्या केल्या. आतड्याचं अस्तर भरून आणायचा तो ग्रोथ फॅक्टर निम्म्यांना मिळणार, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तुझं संडासवाटे जाणारं रक्त पंधरवड्यात थांबलं. मी अजून मऊ भात खातेय, आणि लग्नकार्याला गेले की आधी संडास कुठं ते बघतेय.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं. हे म्हणाले, मनीषाचा चेहरा किती भरलाय, तर हातातलं ताट आपटलं मी. लहानपणापासून हेच. तुला ताप आला की आई उशाशी, मला आला की "मोठी हायस, पडून ऱ्हा." खरं औषधही तुलाच मिळालं असणार, असं मी धरूनच चालले होते.

पंचमीला आपण इंदापूरला माहेरी होतो ना, आईच्या फ्रिजमध्ये दोघींची औषधाची खोकी शेजारीशेजारी होती. आपण झोका खेळायला गेलो आणि आईनं आतल्या बाटल्या बदलल्या. तुझ्या माझ्या खोक्यात, माझ्या तुझ्या. नंबर खोक्यावर, बाटल्या सगळ्या सारख्या. आपल्याला कळणार कसं?

काल तिनंच फोनवर सांगितलं. "तुला गुण यीना, मला बघवंना. धाकटीला आता बरं हाय. म्हणून तिचं काढून तुला दिलं. आला का गं गुण?"

नाही आला. पंचमीपासून मी तुझं औषध घेतेय आणि रक्त तसंच. तू माझं घेतेयस आणि मिसळ खातेयस. मला पाणीच मिळालंय, खरं मिळालं की मीही उठून बसेन, एवढ्या आशेवर दिवस काढत होते गं. आता तीही धड राहिली नाही. आणि दोन्हीकडं पाणीच असेल, तर तू नुसत्या पाण्यावर बरी झालीस. मग तर बोलायलाच नको!

गुरुवारी मी पुण्याला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. सांगायलाच हवं, नाहीतर आपल्यामुळं बाकीच्या आजाऱ्यांसाठी चुकीचं काहीतरी ठरायचं. आपल्या दोघींना चाचणीतून काढतील बहुतेक. बाटल्या बंद झाल्यावर तुझं दुखणं उलटलं तर, याची भीती वाटते. आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटतं. यायचं असेल तर सकाळी बारामती स्टँडवर ये. नाही आलीस तरी मी जाणार.

आईवर रागावू नकोस, असं लिहिणार होते. नाही लिहीत. हवं तेवढं रागाव, तुझा हक्कच आहे. मला मात्र तिच्यावर रागावता येत नाही, मने. काल फोन ठेवला आणि अंगणात बसून रडले, ते दुखण्यानं नव्हे. जन्मात पहिल्यांदा तिनं तुझ्या ताटातलं काढून माझ्या ताटात वाढलं.

आईची लाडकी,
मोना