रात्रीचं जेवण माझ्याकडे

रविवार, ५ जानेवारी
उद्यापासून गंधालीचं क्लिनिक सुरू. मुलुंडला एका डॉक्टरांकडे फिजिओथेरपिस्ट म्हणून, दुपार ते संध्याकाळ. आधी प्रांजल लहान, मग माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन. या सगळ्यात तिची बरीच वर्षं घरात गेली. आज संध्याकाळी म्हणाली, सगळं ठीक आहे रे, पण रात्रीच्या जेवणाचं काय? समोरच्या जयंतीवहिनी आमच्याकडेच बसल्या होत्या. लगेच म्हणाल्या, मी देत जाईन की, आम्हा दोघांचं करतेच. मी हात वर करून थांबवलं. सोमवार ते शुक्रवार, रात्रीचं जेवण माझ्याकडे. गंधालीने "नक्की?" असं परत परत विचारलं. आनंदाने माणूस असं करतो.

विक्रोळीच्या ऑफिसात मी प्लॅनिंग बघतो. चार कारखान्यांना सुटे भाग वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला चार माणसांचं जेवण म्हणजे काय? वेळ नसतो असं म्हणणाऱ्यांकडे खरं तर प्लॅनिंग नसतं.

संकल्प: रविवारी आठवड्याची भाजी चिरून डब्यांत. आज बुधवारपर्यंतची चिरली. पुढची चिरली नाही, कारण सुरी बोथट आहे.

सोमवार, ६ जानेवारी
वन पॉट पुलाव. व्हिडिओतल्या बाईने पंधरा मिनिटांत केला. मला जास्त लागला. मग नीट बघितलं तर तिचा कांदा आधीच चिरलेला, आलं-लसूण आधीच वाटलेलं, मटार आधीच सोललेले. कोणी चिरलं, कोणी वाटलं, याबद्दल बाई एक अक्षर बोलत नाही. शुद्ध फसवणूक.

जेवायला दहा वाजले. अण्णांनी तोवर दुधात बिस्किटं बुडवून खाल्ली होती. म्हाताऱ्या माणसांना धीर नसतो. गंधाली म्हणाली, भात कच्चा आहे. मी म्हटलं, इटलीत असाच खातात. प्रांजल म्हणाली, बाबा, आपण भांडुपला राहतो. नववीत गेल्यापासून फार बोलते.

बुधवार, ८ जानेवारी
रविवारी चिरलेले बटाटे काळे. भेंडी उघडली तर तारच तुटेना. डब्यावर 'एअरटाइट' लिहिलेलं होतं. आजकाल डब्याच्या शब्दावरही विश्वास ठेवता येत नाही.

ऑफिसात केतनला सांगितलं. माझ्या शेजारी बसतो, स्वतः स्वयंपाक करतो, डबा उघडला की अख्खा फ्लोअर वळून बघतो. म्हणाला, यार, भाजी चिरून ठेवायचीच नाही. बेस ग्रेव्ही करून ठेव. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही एकदाच, मग रोज त्यात फक्त वस्तू बदलायची. ऐकून अंगावर काटा आला. हेच तर प्लॅनिंग.

सोमवार, १३ जानेवारी
काल बेस ग्रेव्ही केली. मिक्सरचं झाकण ऐनवेळी दगा देऊन उडालं. किचनची एक भिंत तशीही रंगवायचीच होती. उरलेली ग्रेव्ही फ्रीझरमध्ये. आज पनीर घातलं. हिट.

गुरुवार, १६ जानेवारी
मंगळवारी मटार. बुधवारी अंडी. आज छोले. प्रांजल म्हणाली, बाबा, हे कालचंच आहे ना? तिला समजावलं की बेस तोच आहे, डिश वेगळी आहे. गंधालीने ताट बाजूला सारलं. दुपारपासून लोकांचे गुडघे वाकवून येते, हातात त्राण नसतं बिचारीच्या. अण्णांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "रे झिला, ह्यां कालवण संपतलां कधी?"

गिरणीत आयुष्य गेलं, सवयी जुन्या. वेळ लागेल.

मंगळवार, २१ जानेवारी
बदल! तक्रारी बंद. कालपासून नाही, चांगले काही दिवस. सगळे दहा वाजता शहाण्यासारखे टेबलावर येतात. प्रांजल अर्धी पोळी खाते, पोट भरलं बाबा म्हणते. अण्णा, "माका बास." गंधाली तर दोन चमच्यांत तृप्त. कुठेसं वाचलं होतं, अन्न संतुलित असेल तर थोडंच पुरतं. आता घरात प्रत्यक्ष पाहतोय. एक बरं, ग्रेव्हीही पुरते आहे.

ऑफिसात सांगितलं. केतन म्हणाला, झकास.

शनिवार, १ फेब्रुवारी
अण्णांना चेकअपला नेलं. डॉक्टर खूश. ऑपरेशननंतर पहिल्यांदा वजन वाढलंय, म्हणाले, चेहऱ्यावर तेज आहे, जे चाललंय ते चालू ठेवा. मी नम्रपणे सांगितलं की रात्रीचं जेवण सध्या मी बनवतो. गंधालीला तेवढ्यात इतका जोराचा ठसका लागला की कंपाउंडरने पाणी आणून दिलं. तिला स्वतःचं चेकअप करून घे म्हटलं पाहिजे.

अण्णांच्या बंडीवर गुलाबी डाग होता. विचारलं तर म्हणाले खोकल्याचं औषध. अण्णांना खोकला झालेला मला कळलाही नाही. स्वयंपाकामुळे इतर गोष्टींकडे दुर्लक्ष होतंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
धक्का. केतन आज जागेवर नव्हता, त्याचा फोन सारखा वाजत होता, म्हणून उचलला. घाटकोपरहून त्याच्या सासूबाई. विचारत होत्या, आजची छोल्याची भाजी फार तिखट नाही ना झाली, आणि कालचा डबा परत का नाही आला.

म्हणजे हा माणूस इतके दिवस सासूच्या हातचं खाऊन मला बेस ग्रेव्ही शिकवत होता! विचारलं तर दात काढून म्हणाला, थिअरी माझीच आहे रे.

ज्याच्यावर विश्वास ठेवावा तो असा. नशीब, घरची माणसं तरी आपली आहेत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

ऑफिसची वीज गेली, सगळ्यांना लवकर सोडलं, केतनबरोबरचा चहाही लवकर झाला. मनात म्हटलं, आज पावभाजी. ताजे पाव घेतले, लोणी घेतलं. पावणेआठला जिना चढलो. आमच्या दाराला कुलूप. समोर जयंतीवहिनींचं दार मात्र सताड उघडं, आणि आतून अण्णांचा आवाज. ऑपरेशनपूर्वीचा आवाज, खणखणीत. "शेपटीकडचो तुकडो वाढ गे."

आत टेबलावर तळलेले बांगडे. तांदळाच्या भाकऱ्या. सोलकढी, गुलाबी. अण्णा पुढे झुकून जेवताहेत. प्रांजल, जी माझ्याकडे अर्धी पोळी खाते, ती उरलेली अर्धी भाकरीही ओढून घेते आहे. आणि गंधाली पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून, मान मागे टाकून हसते आहे. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी पावांची पिशवी घेऊन उंबऱ्यावर.

वहिनींच्या मिस्टरांनी, म्हणजे भाऊंनी, मला सगळ्यांत आधी पाहिलं. अरे ये ये सहदेव, म्हणाले, अगं एक ताट वाढ. त्या माणसाला परिस्थिती अजिबात कळत नाही. प्रांजलचा घास तोंडातच राहिला. वहिनी पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. गंधालीने पाय खाली घेतले. अण्णा जेवत राहिले.

मी म्हटलं, चालू द्या. आणि घरी आलो. पावभाजी केली नाही. पाव-लोणी खाल्लं. उभ्याने.

गंधाली मागोमाग आली. मी विचारलं, केव्हापासून?
संक्रांतीच्या आठवड्यापासून, म्हणाली.
म्हणजे रोज तिथे जेवून इथे परत माझ्यासमोर जेवायला बसत होतात?
"तुला वाईट वाटू नये म्हणून. अण्णांना दहापर्यंत भूक धरवत नाही रे. प्रांजलला सकाळी शाळा असते."
मग सांगायचं होतं मला.
"काय सांगायचं? जमत नाहीये म्हणून? मग क्लिनिक सोडायची वेळ माझ्यावरच आली असती."
मी म्हटलं, मी तुला क्लिनिक सोड असं कधी तरी म्हटलं असतं का?
ती म्हणाली, "म्हटलं नसतंस. चेहरा केला असतास. आणि मी सोडलं असतं." मग म्हणाली, "मला ते क्लिनिक हवंय, सहदेव. तिथे लोक माझ्या हाताखाली चालायला लागतात."
ती झोपायला गेली.

मी चेहरा करत नाही. आरशात जाऊन पाहिलं. नेहमीचाच आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी
आजपासून संप. गॅसला हात लावणार नाही. बघू दे कसं चालतं.

रात्री ८.३०: तिघं समोरून जेवून आले. छान चाललं आहे. प्रांजलने झाकलेली ताटली आणून माझ्यापुढे ठेवली, जयंतीकाकूने दिलीय म्हणाली. मी हात लावला नाही. स्वाभिमान.

रात्री ९.१५: सुका जवळा होता. टाकून दिला असता. अन्न टाकणं बरं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
ताटली घासून परत केली. रिकामी कशी द्यायची? आपल्यात भांडं रिकामं पाठवत नाहीत. फ्रीझरमधली बेस ग्रेव्ही घालून दिली. वहिनींनी वास घेऊन पाहिला. भाऊ म्हणाले, रंग छान आहे.

संध्याकाळी पुन्हा ताटली आली. ही देवाणघेवाण थांबवायची कशी, कळत नाही. बोंबील होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
संप चालू आहे. अजून कोणी विनवणी केलेली नाही. अण्णांना मुद्दाम विचारलं, माझ्या हातचं काही खावंसं वाटतं का? अण्णा म्हणाले, "चाय कर." केला. चहा स्वयंपाकात धरत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
वहिनी आणि भाऊ गुरुवारी सकाळी कुडाळला निघालेत. भाच्याचं लग्न, आठवडाभर नाहीत. बातमी ऐकून घरात सुतक. अण्णा टीव्ही न लावता त्याच्यासमोर बसले.

गंधाली फोनवर होती. दार अर्धवट लोटलेलं. मी ऐकत नव्हतो, ऐकू आलं. क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारत होती, मला आठवडाभर लवकर निघता येईल का, घरी जेवणाचा प्रश्न आहे. पलीकडून काहीतरी बोलणं. मग तिचं "बरं सर, बघते." त्या "बघते"चा आवाज अगदी लहान होता.

मी आत जाऊन म्हटलं, लवकर यायची गरज नाही. मी आहे. बोलताना चेहरा अजिबात हलू दिला नाही. गंधालीने विचारलं, तुझे दात दुखताहेत का?

गुरुवार, २७ फेब्रुवारी
ऑफिस सुटल्यावर थेट निघालो. केतन म्हणाला, चहा? मी म्हटलं, नाही. ऑफिस सुटल्यानंतरचा आमचा चहा किती लांबतो ते आज कळलं. साडेसहाला घरी! प्लॅनिंगमध्ये हा चहा कधी धरलाच नव्हता.

व्हिडिओ लावला नाही. केतनला विचारलं नाही. ग्रेव्ही बाहेर काढली नाही. मुगाची डाळ, तांदूळ धुतले. फोडणीत जिरं, हिंग, हळद. प्रांजल किचनच्या दारात टेकून उभी होती, हाताची घडी. पाणी ओतताना म्हणाली, बाबा, थांब. बोट बुडवून बघ. मी बुडवलं. अजून थोडं, म्हणाली. घातलं. हॉलमध्ये अण्णांचा टीव्ही फुल आवाजात, तरी शिट्ट्या मोजल्या. पापड भाजले. एकच जळला.

साडेसातला गंधाली आली. कुकरचं झाकण मी तेव्हाच उघडत होतो. ती दारात उभी राहिली, पायात चप्पल तशीच, खांद्याला पर्स तशीच. हात धुऊन सरळ टेबलावर येऊन बसली आणि पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले.

मी वाढलं. चौघं एकत्र जेवलो, साडेसातला. प्रांजलने खिचडी दुसऱ्यांदा घेतली. गंधालीनेही घेतली. अण्णांनी ताट पुढे केलं. मी वाढली. खाल्ली, पुन्हा ताट पुढे केलं.

मग मिशी पुसत म्हणाले, "खिचडी बरी झाली हा. जयंती जाताना करून ठेवन गेली वाटता."

मी तोंड उघडलं. गंधालीने माझ्याकडे पाहिलं. प्रांजल ताटात बघत होती, तिचे खांदे हलत होते.

अण्णा म्हणाले, जयंतीक फोन लाव, अन्नाचं कौतुक लगेच करायचं असतं. मी लावला. स्पीकरवर ठेवला. तिकडे लग्नघरातला कालवा, सनई, कोणीतरी खुर्च्या मागतंय. अण्णा फोनवर ओरडून म्हणाले, "गे जयंती, खिचडी एक नंबर!"

मला वाटलं, आता वहिनी सांगतील. शेवटी शेजारी आहेत, माणुसकी आहे.

वहिनी म्हणाल्या, "थँक्यू हां, अण्णा. वरून तूप घेतलंत ना?"

तूप विसरलो होतो.