पाठीवरचं पीठ

प्रिय काका,

उद्या दुपारी प्रणाली नागपूरला विमानातून उतरते आणि तिला आणायला मी जातोय. तुमच्या तेरवीच्या आधी ती घरी पोचेल. पण मोर्शीपर्यंतचा अख्खा रस्ता ती माझ्या शेजारी बसणार आहे, आणि काल तिचा मेसेज आला, "बाबा तुह्याबद्दल शेवटी काय म्हनले? फोनवर नको. भेटल्यावर सांग."

तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. आज गॅरेजमध्ये एका गाडीचा टायर उलटा बसवला. मालक म्हणाला, "जाय बाप्पा घरी, कोनाचा जीव घेशीन." म्हणून आलो खोलीवर आणि हे लिहितोय. त्या दिवशी तुमच्या पिठाच्या चक्कीत आपण दोघंच होतो. मग तुम्हाला नाही तर कोणाला विचारू?

तुम्ही मला पहिल्या भेटीत काय म्हणालात, आठवतं? मी अकोल्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. तुमच्या भुवयांवर पीठ होतं. मी सरळ म्हटलं, प्रणालीशी लग्न करायचं आहे. तुम्ही दुसऱ्याचा गहू चाळत होता, मान वरही केली नाही. "इंजनेरिंग अर्ध्यात सोडलं. काम धड नाई. अन् डोकं असं तापट. मी माही पोरगी तव्यावर टाकू काय?" मी तरातरा निघालो. गाडीला लाथ मारली, ती सुरूच होईना. तुम्ही आतून ओरडलात, "चोक दे, लेका." राग याचा आला की चोक दिल्यावर ती खरंच सुरू झाली.

तुम्हाला तिचं रोइंग तरी कुठे मान्य होतं? धरणावर पोहायला जाऊ द्यायचे नाही तुम्ही तिला. अमरावतीच्या कॉलेजात कबड्डी खेळणारी उंच पोरगी कोणाच्या तरी नजरेत भरली, निवड चाचणी देऊन पुण्याला गेली आणि तिथे नाव वल्हवायला शिकली. तुम्ही गावात सांगायचे, "खेळाच्या कोट्यात नोकरीचं पाहून राह्यली." पाण्याचं नावच काढायचे नाही.

मग ती परदेशात, आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेली. दोघींची नाव, चार वल्ही, जोडीदार ओडिशाची. तिथून तिचा मला फोन, "बाबाले मोबाइलवर शर्यत लावता येत नाई. तू जाय मोर्शीले." मी म्हटलं, मला हाकलतील. ती म्हणाली, "हाकलू दे. शर्यत झाल्यावर हाकल म्हना."

तुम्ही हाकललं नाही. चक्की बंद केलीत. कोणाच्या तरी गव्हाच्या डब्याला मोबाइल टेकवून आपण दोघं पोत्यावर बसलो. एक बाई दळण घेऊन आली, "चक्की काहून बंद हाय?" तुम्ही म्हणालात, "पोरगी पान्यात हाय." ती बाई डबा ठेवून निघून गेली.

आणि काका, तुमची ती चूक! मला अजून हसू येतं. नावा निघाल्या आणि थोड्या वेळात तुम्ही मांडीवर थाप मारली. "पाह्य पाह्य, तिच्या तोंडासमोर कोनीच नाई. पयली हाय माही पोरगी." शेवटपर्यंत तेच. शर्यत संपली तसे तुम्ही उठून गुळाचा खडा काढलात आणि माझ्या हातावर ठेवलात. तुमच्या हातून मिळालेली ती पहिली वस्तू. मी तो तोंडात टाकून गप्प बसू शकलो असतो.

पण मी म्हटलं, "काका, शेवटली आली ते. ह्या खेळात जिकडं जायचं तिकडं पाठ करून बसतेत. तोंडासमोर कोनी नाई म्हंजे सगळ्या पुढं गेल्या. ज्याले बाकीच्या दिसतेत, ते पुढं."

मला वाटलं आता गूळ परत मागता. तुम्ही म्हणालात, "तोंडावर खरं बोलते. येवढं एक बरं हाय तुह्यात."

काका, तेच एक वाक्य आज मला छळतंय.

मग मी सांगितलं की मागे पडलेल्यांना अजून एक शर्यत मिळते, त्यातून फायनलला जाता येतं. तुमचे डोळे चमकले. "म्हंजे एटीकेटी." हो म्हटलं, तसंच. "मंग तुले नव्हती काय भेटत एटीकेटी?" मिळत होती. दोनच विषय राहिले होते. सरांशी भांडलो आणि परत गेलोच नाही. हे मी घरी कोणाला इतकं सरळ सांगितलं नव्हतं, तुम्ही चाळणी झटकता झटकता काढून घेतलंत.

त्या दुसऱ्या शर्यतीला मला कोणी बोलवायची गरज पडली नाही. या वेळी तुम्हीच मला समजावत होता, "आता दिसून राह्यल्या तिले. त्या पाह्य, तीन नावा मागं." ती फायनलला गेली. तुम्ही उठलात, माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "फारम भर पयले. मंग ये." आणि चक्की सुरू केलीत.

एवढंच. पट्टा फिरायला लागला, तुम्ही पाठ फिरवली. मी अकोल्याला आलो तर काळ्या टी-शर्टवर पाठीमागे अख्खा पंजा, पाच बोटं, पिठाची. तो मी अजून धुतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शटर अर्धं वर केलं आणि तिथंच बसलात, ते उठलाच नाहीत. असं कसं केलंत हो? "मंग ये" म्हणायचं आणि स्वतः निघून जायचं? मग येऊन मी कोणासमोर उभं राहायचं?

घाटावर प्रणालीचे मोठे बाबा म्हणाले, "बाप सरनावर अन् पोट्टी नावेत." मी त्यांची कॉलर धरली. हो, तुमच्या सख्ख्या भावाची, चितेसमोर. घरी गेल्यावर काकू त्यांच्यादेखत मला म्हणाल्या, "हात आवर आपला. तिले मीच सांगतलं, उतर पान्यात. ते नाव तिच्या एकटीची हाय काय? दुसऱ्या पोरीनं काय करावं?"

फायनल मी आणि काकूंनी चक्कीतच पाहिली, शटर खाली ओढून. पाचवी आली. शेवटी ती वल्ह्यांवर ओणवी झाली आणि मागच्या पोरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. काकूंनी विचारलं, "रडून राह्यली काय ते?" मी म्हटलं, दम लागलाय. खरं तर मला दिसत नव्हतं, माझेच डोळे भरले होते.

आता उद्याचं सांगा. ती विचारेल आणि मी नुसतं "हो म्हनले" म्हणालो तर? कोण खोटं पाडणार आहे? तिला बरं वाटेल. मला तर तीच मिळेल. रात्रंदिवस ते "हो" जिभेवर घोळतंय, त्या गुळाच्या खड्यासारखं. आणि पाठीवरचा पंजा काय होता, काका? होकार होता, की पुष्कळ बसलास, आता नीघ? तुम्ही गिऱ्हाइकांनाही असाच हात लावायचे, मी पाहिलंय.

नाही. तुमच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. तिला तेवढंच सांगेन जेवढं तुम्ही म्हणालात, तव्यापासून फॉर्मपर्यंत, त्याच क्रमाने. टी-शर्ट पिशवीत घेऊन जातोय. तुमचा हात तिने जन्मभर पाहिलाय, त्याचा अर्थ तिला माझ्यापेक्षा जास्त कळेल. ती म्हणाली की हा होकार नाही, तर मी भांडणार नाही. गाडीलाही लाथ मारणार नाही, वचन देतो.

आणि दोन्ही विषयांचा फॉर्म भरणार आहे, ती काहीही म्हणो. निकाल घेऊन चक्कीत येईन. आता पट्टा काकू चढवतील. पोत्यावर बसेन आणि त्या मान वर करेपर्यंत थांबेन.

तुमचा, अजून कोणीच न झालेला,
निखिल