रजनीसाठी डोंगल

७ जुलै, सोमवार

रजनी पुन्हा स्क्रीनवर थिजली! तोंडाशी घास, डोळे अर्धे मिटलेले — आणि मग स्क्रीन काळी. लॅपटॉपचं आतलं वायफाय शेवटच्या घटका मोजतंय.

बँकेत प्रमोशन घेतलं की बदली आलीच. नाशिकच्या शाळेतली नोकरी सोडून रजनीला कोलकात्याला येणं शक्य नव्हतं. तेव्हा ठरलं — रोज जेवणाच्या वेळी व्हिडिओ लावून ठेवायचा. बोलायलाच पाहिजे असं नाही. तिने पोळ्या लाटायच्या, मी मेसचा डबा उघडायचा. एका घरात असल्यासारखं. फोनवर हे जमत नाही. एक तर बँकेचे कॉल मधे तडमडतात, आणि सहा इंचांत रजनी मावत नाही!

नंतर फोन केला तर म्हणते, “नेट गेलं ना? जाऊ दे हो. जेवून घ्या.” जाऊ दे! हिला काहीच कसं वाटत नाही?

८ जुलै

गौरीला विचारलं. हॉस्टेलवरून लेक उवाच — “बाबा, बाहेरून यूएसबीचं वायफाय डोंगल लावा. पण लिनक्सवर चालणारं हं! कंपनीचं नाव नका बघू, आतली चिप बघा.” लॅपटॉप म्हातारा, त्याला विंडोज झेपेना, म्हणून लिनक्स तिनेच घातलंय. आता भोगा!

१२ जुलै, दुसरा शनिवार

बँक बंद. एस्प्लनेडला उतरून चालत चांदनीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. पहिल्याच दुकानात विचारलं, “लिनक्स पे चलेगा?” “चोलबे दादा, चोलबे!” चालेल म्हणाला, मी घेतलं. जन्म गेला कर्जाच्या फायली तपासण्यात. कागद बघितल्याशिवाय सही करत नाही मी — आणि इथे एका ‘चोलबे’वर विरघळलो!

घरी येऊन लावलं. दिवा लुकलुकतो, नेट शून्य. चिप बघायची विसरलो. शहाणाच आहे मी.

१३ जुलै

गौरीने फोनवर धरून काळ्या खिडकीत काय काय टाइप करून घेतलं. एका स्पेससाठी तीनदा ओरडली. पण ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्राम, बसला!

रजनी दिसली. नवा चष्मा घेतलाय, मला पत्ताच नाही. छान दिसतो. म्हणालो नाही, नुसताच बघत राहिलो.

१७ जुलै

लॅपटॉपने अपडेट करू का विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. डोंगल मेलं! गौरी म्हणते, या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात नाही, बाहेरून चिकटवलेला. दर अपडेटला गळून पडणार.

रजनी? “जाऊ दे हो.” अजून काय!

२० जुलै, रविवार

जेवण गेलं नाही. डाळीत पुन्हा साखर. इथल्या बागबाजारात पूर्वी मराठ्यांना अडवायला खंदक खणला होता म्हणे. आता कुणी अडवत नाही, तरी मी आपला अडकलोय.

मला रजनी पाहिजे. तिची आमटी नव्हे — ती. समोर बसलेली. पन्नाशी उलटल्यावर हे सांगायचं कुणाला!

२६ जुलै, चौथा शनिवार

आज लॅपटॉपच काखोटीला मारून चांदनीत गेलो. गौरीने चालणाऱ्या चिपचं नाव पाठवलं होतं. म्हटलं, आधी लावून बघणार, मगच घेणार. दुकानदार वैतागला — “अरे दादा, भरोसा नहीं है?” नाही! भरवशाने आम्ही कर्जसुद्धा देत नाही.

गंमत म्हणजे एकाच नावाचे दोन खोके, आणि आतल्या चिपा वेगळ्या. खोक्यावर बारीक अक्षरात व्हर्जन दिलेलं, ते कोण वाचतो? पहिलं लावलं — ढिम्म. दुसरं लावलं, आणि काही टाइप न करता त्याच्या दुकानाचं वायफाय दिसायला लागलं! भर बाजारात टाळी वाजवली मी. दुकानदारही हसला.

२७ जुलै

अपडेट करून बघितलं. मुद्दाम! तरी चालू. रजनीने भेंडी चिरली, पोळ्या केल्या, मुलांचे पेपर तपासले. सगळं बघितलं. चष्मा छान दिसतो म्हणालो. “इश्श!” म्हणाली.

२८ जुलै, सोमवार

आजही कॉल एकदाही तुटला नाही. जेवता जेवता रजनी एकदम ओट्याकडे वळली. खांदे हलायला लागले. “अगं, काय झालं?” “काही नाही हो. नेट गेलं की मी रडून घ्यायचे. आता ते मेलं जातच नाही!”

प्रमोशन परत करतोय. सकाळी आधी साहेबांना सांगणार.