मामांचा चव्वेचाळीस वर्षांचा विद्यार्थी

शहागड,
११ फेब्रुवारी १९९८

प्रिय देवानंदराव यांस तुमच्या दाजीचा, म्हणजे रायभान गुरुजीचा, मनापासून रामराम.

इकडे सगळे खुशाल. तुमच्या ताईचा गुडघा आणि गावातली वीज आपापल्या मर्जीने चालतात. मामांची (तुमच्या वडिलांची) तब्येत इतकी उत्तम आहे की मला तिची भीती वाटू लागली आहे. तुम्हाला क्वार्टर मिळाले म्हणून येत्या सोमवारी त्यांना कायमचे औरंगाबादला न्यायला येताय, हे तुमचे पत्र पोचले. त्याबद्दल लिहायचे आहेच, पण आधी माझी फजिती ऐका.

मी या वयात विद्यापीठाची वाचन-शिक्षणाची पदव्युत्तर पदविका करतो आहे. दर रविवारी नवीन जालन्यात वर्ग. एखाद्या मुलाला वाचता का येत नाही, हे शोधणारा शिक्षक त्यातून घडायचा. (मी मनात म्हटले, त्यात शोधायचे काय? मुले आळशी असतात.) आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी फर्मावले की प्रत्येकाने न येणारी एक लिपी शून्यापासून शिकायची, रोज डायरी लिहायची आणि शेवटी परीक्षकांपुढे एक पान वाचून दाखवायचे. नाही आले, तर पदविका नाही.

मी उर्दू घेतली. पण शिकवणार कोण? जेवताना ही अडचण बोललो, तर मामा ताटातून मान वर न करता म्हणाले, "आणा किताब." देवानंदराव, घास हातातच राहिला. साक्षरता मोहिमेत गावाची पाहणी मीच केली होती आणि मामांच्या नावापुढे 'निरक्षर' असे मीच लिहिले होते, तेही त्यांना न विचारता. ते निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले निघाले! पाच वर्षे एका घरात राहून बोलला कसे नाहीत, म्हटले, तर म्हणाले, कोणी विचारलंच न्हाई. (तुम्हाला तरी ठाऊक होते का? खरे सांगा.)

बे, पे, ते ही अक्षरे अंगाने सारखीच. ठिपके किती, आणि वर की खाली, यावरून ओळखायची. शब्दात शिरली की तीही रूप पालटतात. चौथ्या ओळीला माझे डोके दुखते, तहान लागते, रस्त्यावर कोणता ट्रक थांबला ते बघावेसे वाटते. पहिले अक्षर ओळखून उरलेला शब्द मी ठोकून देतो. हे सगळे माझ्या वर्गातली सुगंधा करते आणि तिला मी दोन वर्षे सोंगाडी म्हणत आलो. फार लाज वाटली. परवा तिला विचारले, वाचताना तुला नेमके काय होते गं? तेवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. ती म्हणाली, एक ओळ संपली की पुढची कुठली ते सापडत नाही. मी ओळीखाली पट्टी धरली, तर पोरीने अर्धे पान वाचले. (पट्टी तीच, जिने मी मुलांना मारायचो.)

मामा मात्र मारत नाहीत. चुकलो की म्हशीकडे बघतात, आणि ते जास्त लागते. घाई केली तर म्हणतात, जल्दी कायची, ट्रक पकडायचाय का? जमले की नुसते "बराबर". त्या एका शब्दासाठी मी शाळेतून धावत घरी येतो.

तेव्हा विनंती अशी की माझी परीक्षा होईपर्यंत मामांना इथेच राहू द्या. गरजवंताला अक्कल नसते, रागावू नका.

तुमचा दाजी,
रायभान

ता. क. तुमच्या ताईने पत्र वाचले आणि खोटे कशाला लिहिता म्हणाली. परीक्षा गेल्या रविवारीच झाली. मी पास झालो.

ता. क. दुसरा. पेढे घेऊनच घरी आलो होतो. पण मामा दारातच बसले होते. म्हणाले, "पास झाले असाल तर सांगा. मंग उद्यापासून मी काय करू?" पुडा पिशवीतच ठेवला आणि नापास झालो म्हणून सांगितले. त्यांनी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला (मुळीच जमला नाही) आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढले. तेव्हा सोमवारी जरूर या, दोन दिवस राहा, पण त्यांच्यासमोर माझे अभिनंदन करू नका. आणि त्यांना नेऊ नका.