एकही मेसेज वाया जाणार नाही

३ मार्च, मंगळवार. सकाळी.

बायको गेली. म्हणजे बहिणीकडे गेली, परदेशात, दोन आठवड्यांसाठी. हे लिहायला तीन चहा लागले, पण ते दूध संपवायचं म्हणून.

विमानतळावर तिने एकच अट घातली. दोन आठवडे फोन नाही, मेसेज नाही. तुम्ही नवरा नाही, सूचनाफलक आहात, असं म्हणाली. परत यायचं की नाही तेही तिकडेच शांतपणे ठरवीन म्हणाली. मी हसलो. आवाज भलताच निघाला, पलीकडच्या बाईने वळून पाहिलं.

संकल्प: एकही मेसेज करणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

३ मार्च. संध्याकाळी.

ऑफिस उत्तम. कंपनीचे फोन परमुलखात गेले की त्यांचे मेसेज तिथपर्यंत पोचवणं हे माझं काम. अवघड नाही, फक्त डोकं लागतं. फोन परक्या नेटवर्कात उतरला की तिथले लोक आम्हाला कळवतात, तुमचा पाहुणा आमच्याकडे आलाय. आमच्या टेबलात, म्हणजे संगणकातल्या यादीत, त्याच्या मुक्कामाचा पत्ता लागतो, मेसेज तिकडे रवाना. पाहुणा घरी परतला की पत्ता आपोआप घरचा. पत्त्यावर कुणी भेटलं नाही तर मेसेज थांबून राहतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पूर्वी असा मेसेज तीन दिवसांत मरायचा. मी मुदत महिनाभर केली. एकही मेसेज वाया जाणार नाही! साहेबांसमोर हे वाक्य दोनदा म्हटलं.

नवी व्यवस्था कालच चालू केली. चाचणीपुरता टेबलात परमुलखात जाणाऱ्या सगळ्यांना एक पडीक पत्ता दिला होता, जिथे कुणीच राहत नाही. तो काढलाही. शेजारच्या खुर्चीवरचा कासव (दर ओळ तीनदा तपासतो म्हणून कासव) विचारत होता, काढलास ना? काढला म्हटलं ना. माणसाने किती शंकेखोर असावं!

४ मार्च.

एक मेसेज केला. 'पोचलीस का? (चाचणी.)' हा मेसेज धरायचा नाही. नव्या व्यवस्थेची तपासणी करणं माझं कर्तव्यच आहे.

उत्तर नाही.

५ मार्च.

दुसरा केला, गॅसची चावी कुठे आहे विचारायला. हा सुरक्षेचा प्रश्न. मग चावी सापडली, म्हणून तिसरा, चावी सापडली म्हणून. मग चौथा: चावीची जागा चुकीची आहे, पुढच्या वेळी डाव्या हुकला लाव.

उत्तर नाही. संकल्प उद्यापासून.

७ मार्च.

तक्रार-खिडकीवरच्या बाई वर आल्या. परदेशात गेलेल्या लोकांना मेसेज मिळत नाहीत म्हणे. मी समजावलं की लोकांना फोन वापरता येत नाहीत. बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच एकदम कसं येईनासं झालं? खोचक बाई आहे. परक्या नेटवर्काची चूक असणार असं सांगून वाटेला लावलं.

माझ्याही मेसेजांपुढे 'प्रयत्न चालू' एवढंच दिसतंय. त्याचा अर्थ उघड आहे. हिने माझं नाव पाहिलं आणि फोन बंद केला. अंडी उकडली, खाल्ली नाहीत.

८ मार्च, रविवार.

हिचं कपाट उघडलं. काही कारण नव्हतं. लोकरीचे कपडे नाहीत. एकही नाही! दोन आठवड्यांच्या मुक्कामाला सगळे लोकरीचे कपडे कुणी नेतं का? तिकडचा पुढचा हिवाळा काढायचा बेत दिसतोय.

कपाटासमोर जमिनीवरच बसलो. पाचावर धारण बसली म्हणजे काय ते आज कळलं.

रागाच्या भरात मेसेज केले. तुझी बहीण पहिल्यापासून आपलं घर मोडायला टपलेली आहे. तिचा नवरा म्हणजे घोरणारा बोका. यायचं नसेल तर येऊ नकोस, मला स्वयंपाक येतो. मग अर्ध्या तासाने: मी मोठ्या मनाने तुला माफ केलं आहे. एवढ्यावर तरी माणूस उत्तर देतो.

९ मार्च.

धीर करून मेहुणीच्या घरच्या फोनवर फोन केला. साडूने उचलला. मी रॉंग नंबर म्हणून ठेवणार होतो, तसं म्हटलंही. तो म्हणाला, असू दे, तब्येत बरी आहे ना तुमची? माझ्याच आवाजात बोललो होतो.

हिच्या कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंय. तीन झाडं माना टाकून पडली आहेत. मेसेजने कबुली दिली. दुसऱ्या मेसेजने ती मागे घेतली, झाडं मुळातच कमकुवत होती.

रात्री दार दोनदा तपासतो. चोरासाठी नाही. वाजलं तर उघडायला वेळ लागू नये म्हणून कडी सैल ठेवतो.

११ मार्च.

साहेबांनी बोलावलं. तक्रारींचा ढीग समोर. ज्याच्या हातची चूक निघेल त्याला घरी पाठवीन म्हणाले. मी म्हटलं, साहेब, परक्या नेटवर्काला मी खरमरीत मेल टाकलाय, आता पाहा कशी तंतरते त्यांची. दुपारी त्यांचं उत्तर आलं. गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून तुमच्याकडून आमच्याकडे एकही मेसेज आलेला नाही, काळजी वाटली, सर्व कुशल ना? इतकं गोड उत्तर! म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतायत.

कासव म्हणाला, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं तर नाही ना, एकदा टेबल पाहू या. मी म्हटलं, माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. घाम फुटला होता. खोलीत उकडत होतं. तो मात्र स्वेटर घालून बसला होता.

१२ मार्च.

घरी येऊन दिवा न लावता बसलो. नळ टपटपतोय. हिने म्हटलं होतं वॉशर बदलायला हवा, मी म्हटलं होतं नको. दहा दिवस मी म्हणेन तेच होतंय घरात. खुर्ची मी म्हणेन तिथे. घड्याळ मी म्हणेन तिथे. कुणी नाही म्हणत नाही.

एकच मेसेज केला. 'तू नसलीस की सगळं माझंच बरोबर ठरतं. मला फार भीती वाटते. ये.'

पाठवून झाल्यावर दोनदा वाचला. त्यात एकही सूचना नाही. 'ये' धरली तर एक.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळी.

हिचा मेसेज आला!!

जसाच्या तसा उतरवतो. 'तुम्ही शब्द पाळाल असं वाटलं नव्हतं. इतके दिवस एक मेसेज नाही, एक सूचना नाही. खरं सांगते, परत न येण्याचं जवळजवळ ठरवलं होतं. पण माझं एवढं ऐकलंत, म्हणून रविवारी येते. आणायला या.'

आधी वाटलं टोमणा आहे. पुन्हा वाचला. टोमणा नाही. हिला टोमणा मारायचा असता तर 'धन्यवाद' लिहिलं असतं.

१३ मार्च. दुपारी.

पडीक पत्ता काढलाच नव्हता.

परमुलखातल्या प्रत्येक फोनचा मुक्काम त्या उजाड जागी लागलाय आणि सगळे मेसेज तिथल्या दारावर धडका मारतायत. माझे एक्केचाळीस त्यांतच. आनंद व्हावा की रडू यावं कळेना. नशीब म्हणायचं की मरण? पत्ता सुधारला की तत्क्षणी सगळे मेसेज तिला मिळणार. चावी, डावा हुक, घोरणारा बोका, मोठं मन, सगळं, ओळीने.

कासवाला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. सोमवारपर्यंत थांब म्हणून विनवलं. तो म्हणाला, बोटीवरच्या एका माणसाला मुलगी झालीय आणि त्याला अजून पत्ता नाही, त्याची बायको रोज खिडकीवर येऊन रडते. एक मिनिट थांबणार नाही. माझे तेवढे मेसेज पुसून टाक म्हटलं. पुसण्याची सोयच नाही. ती मीच बंद केली होती. एकही मेसेज वाया जाऊ नये म्हणून.

हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मग सुचलं! सगळ्यांचा पत्ता सुधारायचा, हिचा तेवढा पडीकच ठेवायचा. कासव कुरकुरत तयार झाला. पण साहेबांना सोमवारी खरं काय ते तू स्वतः सांगायचं म्हणाला. सांगीन. नोकरी काय, दुसरी मिळते. कासव आणखी काहीतरी सांगत होता, वहिनी रविवारी उतरल्यावर वगैरे. मी त्याला बोलू दिलं नाही. सल्ले देणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

१४ मार्च.

संकटातून माणूस डोक्याच्या जोरावर सुटतो. आज तीन नवी झाडं आणली, हुबेहूब तशीच. वॉशर बदलला. नळ आता जोरात गळतो.

संकल्प: हिला आयुष्यात एकही सूचना करणार नाही. या वेळी अवघड जाणार नाही, सवय झाली आहे असं तिला वाटतंच आहे.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळी.

ही विमानतळाच्या दारातून बाहेर आली. लोकरीचा एकच कोट, तोही अंगावर. बाकीचे कपडे धोब्याकडे टाकून गेले होते म्हणाली, आणलेत ना? माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, वाळलात हो. मी एक शब्द बोललो नाही. ती हसली. लग्नानंतर माझ्याकडे बघून इतकं हसलेली आठवत नाही.

मग म्हणाली, पोचल्याचं बहिणीला कळवते. आणि फोन चालू केला.

पाहुणा घरी परतला की पत्ता आपोआप घरचा. हे मला सामानाच्या गाडीवर हात ठेवून आठवलं. माझंच वाक्य. फोन माझ्याकडे दे, बॅटरी जाईल, असं म्हणालो, आणि ही तिला दिलेली पहिली सूचना ठरली. तेवढ्यात पहिला वाजला.

टॅक्सीभर वाजत होता. ती वाचत होती. बोका आला तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं. मी ड्रायव्हरच्या मानेकडे पाहत होतो. घराच्या कोपऱ्यावर वाजणं थांबलं. फोनमध्ये वीसच मेसेज मावतात. पुढचे हवे असतील तर आधीचे काढावे लागतात.

ती आत स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसली आहे. कोट काढलेला नाही, बॅग दाराशीच आहे. एकेक मेसेज मोठ्याने वाचते आणि विचारते, हा ठेवू की काढू? मी बाहेरच्या खोलीतून सांगतो, काढ. मग पुढचा वाजतो. 'माफ केलं' होऊन गेलं. आवाजावरून हसते आहे की काय ते कळत नाही. झाडांची कबुलीही झाली, ती मागे घेतलेलीही झाली. झाडं नवीन आहेत हे तिने आल्याआल्याच ओळखलं होतं म्हणे.

आता आतून विचारलं, आणखी किती आहेत? मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, पुरे झालं, कंटाळा आला.

त्यांतला शेवटचा, बारा तारखेचा, तेवढा बरा आहे. तो वाचल्याशिवाय उठू नकोस, एवढंच सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं.

पण ती सूचना झाली असती. गप्प बसलो आहे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अजून फोन वाजलेला नाही.