आयव्हीची फांदी

१२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. अक्षर वाकडंतिकडं येतंय, कारण दोन्ही हातांवर पुरळ उठलंय. डॉक्टर म्हणाले, उतरेल हळूहळू. काळजीचं काही नाही.

इकडे ठीक. शिवणाचं दुकान बरं चाललंय. आई जेवते, झोपते आणि माझ्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवते. तुझ्या नव्या घराचं वाचून बरं वाटलं. मागच्या दारापासूनच रान सुरू होतं म्हणतेस, म्हणजे सकाळी पाखरं झोपू देत नसतील.

तू आयव्हीच्या वेलीची फांदी मागितलीस. "त्यांच्या हातची तेवढीच माझ्याकडे राहू दे" हे तुझं वाक्य मी कितीदा तरी वाचलं.

बाळ गेल्यावर तू त्या मागच्या खिडकीशी नुसती पडून असायचीस. थंडीत बाहेर सगळं उघडंबोडकं. म्हणून दादाने कुठूनशी ही वेल आणून समोरच्या कुंपणभिंतीशी लावली. थंडीतही तिची पानं हिरवीगार राहिली आणि तू उठून बसायला लागलीस. मी पाहिलंय ते. म्हणून तर पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

वहिनी, वेल भिंतीवर थांबली नाही. पलीकडे उतरून रानात शिरली. तू तिकडे राहायला गेल्यावर एकदा मी आत गेले, तर पायाखाली सगळीकडे तीच. पांढरी रानफुलं यायची तिथे एक फूल नाही, झाडाचं एक नवं रोपटं नाही. मोठ्या झाडांवर तर शेंड्यापर्यंत चढलेली. तिथे तिला फळं धरतात, पाखरं ती खातात आणि बिया आणखी आत टाकतात.

मागच्या महिन्यात वारं सुटलं. वेलीच्या ओल्या ओझ्याने वाकलेलं एक झाड पायवाटेवर कोसळलं, आणि त्याखाली आपले शेजारचे चष्मेवाले काका सापडले. जिवावरचं पायावर निभावलं. दवाखान्यात मला बघून म्हणाले, "अगं, झाडाने पाडलं मला. तू का तोंड पाडून बसलीस?" मला हसता आलं नाही.

मग वनरक्षक बाई आल्या. म्हणाल्या, "बुंध्याशी तोडा. वरची ओढू नका, वाळकी फांदी डोक्यात बसेल. ती तिथेच सुकू द्या."

"आणि भिंतीवरची ठेवली तर?"

"ठेवा की. मग दरवर्षी या रानातली तोडायला."

आईने विचारलं, "सुनेला कळवलंस?"

"कळवलं तर हात उचलणार नाही माझा."

ती आत गेली आणि स्वतःचे हातमोजे आणून माझ्यापुढे ठेवले. ते मनगटापर्यंतच होते. वेलीचा चीक वर लागला, त्याचं हे पुरळ.

हो, तोडली. रानातली तोडायला वनरक्षक बाई माणसं घेऊन आल्या. भिंतीवरची मी एकटीने. बुंधा मनगटाएवढा झाला होता. दादा गेला तेव्हा मी पाहुण्यांचं बघत होते, रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या दुपारी करवत हातात धरून झालं.

दादानेही हेच केलं असतं, असं सांगून मी तुझी समजूत घालणार नाही. तो भांडला असता माझ्याशी. कडाडून.

तुझ्यासाठी एक फांदी मी पाण्यात ठेवली होती. तिला मुळंही फुटली. ती कागदात गुंडाळायला घेतली आणि तुझं मागचं दार आठवलं. वहिनी, तीही मी चुलीत घातली. फांदी पाठवत नाही. दुसरीकडून आणूनही लावू नकोस, एवढं माझं ऐक.

फोनवर हे बोलले असते तर तुझा आवाज ऐकून खोटं बोलले असते. खिडकीतून आता नुसती भिंत दिसते, तीही डागाळलेली. तुला बघवणार नाही. तरी ये. बोल मला, हवं ते बोल, पण इथे येऊन, समोर बसून बोल.

तुला न विचारता हे केलेली, आणि तरीही तुझीच,
नणंद