राखेनंतरचे बिंदू

नेर, जि. यवतमाळ
नोव्हेंबर २००६

प्रिय अंजू,

तुझा ई-मेल मिळाला. बसस्टँडसमोरच्या कॅफेत लाइन यायची वाट बघत बसले होते. आली तेव्हा आधी तुझंच नाव दिसलं आणि मला आनंद झाला, हे खरं सांगते. शोधनिबंधाचा मसुदा जोडलाय म्हणालीस, म्हणून सगळी पानं छापून घेतली. कॅफेवाल्याकडे रंगीत शाई नव्हती, तेव्हा तुमचे लाल-निळे आलेख आमच्याकडे काळेच आले. घरी येऊन चहा ठेवला आणि पानं उलटत तो सुपरनोव्हाचा आलेख काढला. चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. माझे बिंदू त्यात नाहीत. एकही नाही. खाली बारीक अक्षरात एक इंग्रजी ओळ आहे, तिचा अर्थ एवढाच की उपकरणातल्या बिघाडामुळे एका ठिकाणची निरीक्षणं वगळली. म्हणजे आमची अम्मी. तिला, आमच्या जैबुनबीला, तुम्ही लोकांनी बिघाड करून टाकलं.

तेव्हापासून मी चिडलेली आहे आणि चिडलेली असतानाच लिहिते आहे, कारण राग गेला की मी पुन्हा समजूतदार होईन आणि मग मनातलं काहीच लिहिणार नाही. मला तू ओळखतेस. बारावीला आमच्याकडे वरच्या खोलीत राहायचीस तेव्हा मी भांडले की तू अम्मीजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसायचीस आणि दोघी मिळून मला हसायचात. आता तू पुण्याला आहेस, तेव्हा शेवटपर्यंत वाचून घे.

आधी घरचं सांगते. अब्बांचे गुडघे दुखतात, पण वर्कशॉप सोडवत नाही. काम मात्र बदललंय. पूर्वी लोक डिझेल इंजिन दुरुस्तीला आणायचे, आता विकायला आणतात आणि अब्बांनी गिऱ्हाईक बघून द्यावं म्हणतात. दुकानामागे अशी इंजिनं उभी आहेत. अब्बा त्यांना रोज पुसतात. माझं कॉलेज आहे तसंच आहे. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. दरवर्षी जूनमध्ये नवी मुलाखत, तेच प्राचार्य, तेच प्रश्न, आणि मी दरवर्षी नवीन असल्यासारखी उत्तरं देते. दुर्बीण अजून आमच्याच गच्चीवर आहे. कॉलेजच्या गच्चीवर कापसाच्या जिनिंग कारखान्याचे दिवे सरळ तोंडावर येतात म्हणून ती इकडे आणली, हे तुला माहीत आहे. भारनियमनात आकाश सुरेख मिळतं. सगळं गाव विजेच्या नावानं बोटं मोडत असतं तेव्हा मी एकटी मनातून खूश असते, आणि याची लाजही वाटते. कॅमेरा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो. अब्बा रोज तेच म्हणायचे, "बॅटरी ले जा, पन सुबू वापस होना."

आता तूच शिकवलेलं तुलाच परत शिकवते, कारण तू विसरलेली दिसतेस. या जातीचा तारा फुटला की काही दिवस तेजानं चढतो आणि मग उतरतो. किती सावकाश उतरतो त्यावरून तो मुळात किती तेजस्वी होता ते कळतं. मूळ तेज कळलं की इथून तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर निघतं. अशीच मोजणी करत गेल्यावर लोकांना फार लांबचे तारे हिशेबापेक्षा मंद सापडले, म्हणजेच हिशेबापेक्षा लांब. त्यावरून विश्वाचं पसरणं थकत नाही, उलट त्याचा वेग वाढतोय, आणि त्याला ढकलणारी कृष्ण ऊर्जा म्हणून काही आहे, हे सगळं निघालं. पण लांबच्यांची मापं जवळच्यांवर उभी आहेत. जवळच्या ताऱ्याचा उतार चुकला तर वरचं सगळं थोडं थोडं कलतं. आणि जवळचा तारा बघायला पहाडाएवढी दुर्बीण लागत नाही, आमच्या गच्चीवरची पुरते. हे सगळं तू मला याच गच्चीवर, जिन्याच्या पायरीवर बसून समजावलंस. म्हणालीस, अतिया, तू उतार पकड, बाकी आम्ही बघतो. मी उतार पकडला.

जानेवारीत तारा तेजाच्या माथ्यावर आला आणि बकरी ईद जवळ आली. ईदच्या आधी आमच्याकडे घरातली प्रत्येक काच निघते, ते तूही केलं आहेस. फोटोंच्या काचा, कपाटाचा आरसा आणि सगळ्यात आधी कंदील. भारनियमनानं घरोघरी कंदील परत आणले, आणि कंदिलाची काच अम्मी कशी पुसते तेही तुला ठाऊक आहे: चुलीतली मऊ राख चाळून, कापसाच्या बोळ्यावर घेऊन, गोल गोल. काच अशी लख्ख होते की आहे की नाही कळत नाही. त्या दिवशी दुपारी मी कॉलेजात होते. जिनिंगचा मोसम, हवेत कापसाचे तंतू उडत होते, दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर त्यांचा थर बसला होता. अम्मीनं तो पाहिला. मी घरी आले तेव्हा ती गच्चीतून उतरत होती, हात राखेचे, चेहरा खूश. "कितनी धूल थी उसपे. राख लगाके चकाचक कर दी. अल्ला का आसमान गंदे कांच से क्या देखना?"

मी वर गेले आणि टॉर्च लावून पाहिलं. काचेच्या लेपावर गोल गोल ओरखडे होते, कंदिलावर हात फिरतो तसेच. मी तिथेच बसून रडले, थोडंसंच, कारण अंधार पडत होता आणि तारा वर आला होता.

पुढे मी जे केलं त्याला तुमच्या मसुद्यात एक ओळही नाही. दोरीवर पांढरी चादर ताणून, सूर्य बुडता बुडता तिचा फोटो काढायचा म्हणजे दुर्बिणीला कुठे कमी दिसतं ते समजतं. असे फोटो मी काच पुसली जाण्याआधीही काढले होते. नंतर पुन्हा रोज काढले आणि दोन्हींची तुलना केली. ओरखड्यांनी किती उजेड खाल्ला, कोणत्या बाजूला जास्त खाल्ला, सगळं मोजता आलं. शिवाय प्रत्येक फोटोत आपला तारा आणि शेजारचे ओळखीचे तारे एकाच काचेतून येतात. राख लागली ती सगळ्यांनाच लागली. बिंदूंची खात्री थोडी कमी झाली हे मान्य, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर मी चुकीची शक्यता दाखवणारी रेघ लांब ठेवली. लपवलं काहीच नाही. काच कुणी पुसली, कशानं पुसली, सगळं तुला लिहून कळवलं. कळवलं नसतं तर तुमच्यापैकी कुणालाही पत्ता लागला नसता, अंजू. आमची घरची राख मी स्वतः तुमच्यापुढे ठेवली, आणि तुम्ही त्या राखेसाठी मला बाहेर काढलंत.

त्या आठवड्यात तुमच्या दुर्बिणीवर ढग होते आणि तुमच्या दुसऱ्या, पहाडातल्या दुर्बिणीवर बर्फ पडत होतं. तुमच्या आलेखात म्हणूनच नेमकी तिथे मोठी मोकळी जागा आहे. त्या मोकळ्या जागेतून तुम्ही छान वळणदार रेघ ओढली आहे. कुणी काही पाहिलं नाही, तरी रेघ जाते. मी तुमच्या छापील पानावर पेन्सिलनं माझे बिंदू टाकून बघितले. ते सगळे रेघेच्या वर बसतात. म्हणजे हा तारा तुम्ही म्हणता त्यापेक्षा सावकाश उतरला, मुळात जास्त तेजस्वी होता, आणि तुम्ही म्हणता त्याहून लांब आहे. माझे बिंदू ठेवले तर तुमच्या यादीतला हा एक तारा बाकीच्यांच्या रांगेबाहेर उभा राहतो. काढले तर गुमान रांगेत येतो. मी कुणावर आरोप करत नाही. तुमच्या मोठ्या सरांना मी दोनदाच भेटले आहे, भला माणूस वाटला. पण ते बिंदू राखेमुळे गेले की रांगेमुळे, हे तू मला कधी तरी प्रामाणिकपणे सांग. चूक माझी असेल तर दाखव, मी मान्य करीन. न दाखवताच काढून टाकणं याला मी शास्त्र म्हणायला तयार नाही.

यापेक्षाही मला काय बोचलं सांगू? शेवटच्या पानावरचे आभार. तिथे मात्र तुम्ही भरभरून लिहिलंय: शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यात, प्रतिकूल परिस्थितीत, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. दिल्लीच्या परिषदेत तू दाखवलेली चित्रंही जोडली आहेस. अब्बांची बॅटरी, मागे कापसाची गंजी, गच्चीवर मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणालीस. अंजू, आमच्याकडे गेली दोन वर्षं पाहणीवाल्यांच्या पांढऱ्या गाड्या येतात. अब्बांच्या दुकानापुढे थांबून विचारतात, कोणत्या गावाला जाऊ. सरकारचं पॅकेज आलं, समित्या आल्या. कॉलेजात एक पत्रकार मुलगी आली होती. तिला दुर्बीण बघायची होती. तिनं विचारलं, इथली मुलं दुःख विसरायला तारे बघतात का? मी म्हटलं, नाही, प्रकाश मोजायला बघतात. तिनं ते लिहून घेतलं नाही. यवतमाळ म्हटलं की समोरच्याचा चेहरा आधी पडतो आणि मग तो आपण काय म्हणतो ते ऐकतच नाही. त्या लोकांचं मी समजू शकते. पण तू तर बोरी अरबच्या बंजारा तांड्यावरची. तुझ्या आलेखात आम्हाला जागा नाही आणि तुझ्या आभारात आमचं दुःख, हे मला तुझ्याकडून सहन होत नाही.

तुझ्या आईला, याडीला, भेटून आले परवा. दिवाळीला तू आली नाहीस म्हणून ती रुसली आहे. मला जेवायला वाढता वाढता म्हणाली, "अंजू काहून नाही आली वं? तिकडे काय करून राह्यली?" मी जमेल तसं सांगितलं, की सगळं आकाश पसरून राह्यलं आहे आणि अंजू त्याचा वेग काढते. तिनं विचार केला आणि म्हणाली, "त्याचा पगार भेटते ना पण?" भेटते म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि भाकर वाढली. तुझ्यावरचा राग मी तिच्यासमोर दाखवला नाही. मनातून दाखवावासा वाटत होता. अम्मीलाही अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिनं पुसलेल्या काचेमुळेच आपला तारा इतका स्वच्छ दिसला. शेजारणींना सांगते.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. बिंदू काढले तरी लेखकांच्या यादीत तू माझं नाव ठेवलं आहेस, चौथं. ई-मेलात लिहिलंस की सरांशी भांडून ठेवून घेतलं, की या एका निबंधावर अमरावतीला माझी पीएच.डी.ची नोंदणी होईल, मग जूनच्या मुलाखती संपतील. तू भांडलीस हे मला माहीत आहे, आणि ते माझ्या भल्यासाठी होतं हेही. त्या नोंदणीसाठी मी किती वर्षं थांबले आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणूनच हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं: मी काल तुमच्या सरांना कळवून टाकलं की माझं नाव काढा. बिंदू ठेवणार असाल तर नाव कुठेही टाका, अगदी शेवटी टाका, नाही टाकलं तरी चालेल. बिंदू नसतील तर नाव नको, आभारही नकोत. तू म्हणशील अतियानं रागाच्या भरात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तसं समज. पण ते नाव मी घेतलं तर माझ्याच सहीनं मान्य केल्यासारखं होईल की त्या आठवड्यात तो तारा कुणीच पाहिला नाही. मी पाहिला, अंजू. रोज पाहिला.

रागावलेली, तरी तुझीच,
अतिया